घरी मुलगी आहे

प्रिय ठमे,

आई परवापासून पुन्हा दवाखान्यात आहे. घाबरू नकोस. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली, पण अंगठा वाचेल असं डॉक्टर म्हणतात. मी लिहायला बसले आहे ते दुसरंच सांगायला.

दर मंगळवारी आपल्याकडे यायची ती आरोग्यसेविका तुला आठवते ना? ती येण्याआधीच्या वर्षात साखर हाताबाहेर जाऊन आईला चार वेळा भरती करावं लागलं होतं. ती येत होती तोवर एकदाही नाही. शिक्षण म्हणशील तर दहावी. मी पदवीधर, गोळ्यांचा तक्ता तीन रंगांत करून भिंतीला लावणारी. आई त्याला ‘दारोग्याचं फर्मान’ म्हणायची आणि गोळ्या उशीखाली सारायची.

ती बाई गोळ्या घेतल्या का, असं कधी विचारायचीच नाही. नुसती रिकामी पाकिटं मागायची, आणि आई ती शाळकरी मुलीसारखी जपून ठेवायची. मग ती खाली बसून आईचे पाय मांडीवर घ्यायची, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवायची. ‘मावशी, तोंड रोज आरशात बघता, पायांनी काय घोडं मारलंय?’ आई खळखळून हसायची. मी स्वयंपाकघरात उभी. खरं सांगते, पोटात दुखायचं. एकदा आईने चार दिवस माझ्यापासून लपवलेला फोड तिला आपणहून दाखवला. वर माझ्यादेखत म्हणाली, ‘हिला सांगितलं तर ही आधी ओरडते, मग औषध लावते.’ त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या कार्यालयातून घरच्यांनी भरायचा एक कागद आला. भेटी चालू ठेवायच्या का? मी लिहिलं, ‘गरज नाही. घरी मुलगी आहे.’ आपली जागा दुसऱ्या कुणा गरजूला मिळेल, असं त्या दिवशी डायरीतही लिहून ठेवलं. किती सोज्वळ दिसतं गं ते वाक्य!

ती यायची थांबली. आई मात्र मंगळवारी पाय धुऊन बसायची. मी बघू म्हटलं की पाय पोटाशी घ्यायची, ‘असू दे, तुला कामं आहेत.’ मीही दुसऱ्यांदा म्हणत नसे. परवा तिच्या मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळलं.

आईला वाटतं, ती बाई न सांगताच सोडून गेली. काल खाटेवर पडल्यापडल्या म्हणाली, ‘तीही कंटाळली असेल म्हातारीला.’ मी चादर नीट करत राहिले.

भेटी पुन्हा सुरू करा, असा अर्ज मी आज देऊन आले. ते सोपं होतं. आईला सांगणं होत नाही. डायरीत सगळं लिहून झालं, पण डायरी उलटून काही विचारत नाही. म्हणून तुला लिहिते. पत्र मिळालं की आईला फोन कर. माझ्या वतीने काही सांगू नकोस. फक्त विचार, ‘ताई तुला काही बोलली का?’ मी खाटेशेजारीच असेन. मग मला पळता येणार नाही.

तुझीच,
ताई