श्रीमंतांची भाषा

मंगळवार, ता. ९

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. तू, वहिनी आणि मुलं मजेत असाल. आम्ही सगळे सुखात आहोत. आय फील लाइक अ मिलियन डॉलर्स!

तुझ्या मेव्हण्यांचा नवा व्यवसाय म्हणजे खरीखुरी कॅश काऊ आहे. सासूबाईसुद्धा परवा म्हणाल्या, "वी आर रोलिंग इन मनी." कारखान्यासाठी तू जपलेलं नेस्ट एग बँकेत नुसतं झोपून आहे. त्याला जागं करायची हीच वेळ. रविवारच्या सभेला चेकबुकासह अवश्य यावेस.

तुझी भाग्यवान बहीण

मंगळवार, ता. ९, दुपार

दादा,

माझं सकाळचं पत्र याच्या आधी मिळेल किंवा मागून येईल. ते खरं धरू नकोस. हे खरं.

ते वाचून तू वहिनीला म्हणशील, हिला झालंय काय? "अवश्य यावेस" काय, "सप्रेम नमस्कार" काय! तुझ्या डब्यातला खाऊ पळवून वर तुझीच चुगली करणारी मी. अक्षर माझं आहे, मजकूर ह्यांच्या श्रीमंत होण्याच्या क्लासच्या कोचबाईंचा. प्रत्येक सभासदाने नातेवाइकांना हाताने पत्र लिहायचं, असा त्यांचा नियम आहे. फोनवर माणूस चटकन नाही म्हणतो. हाताने लिहिलेलं आलं की त्याला वाटतं, आपलं माणूस आपल्यासाठी बसून लिहितंय. कोचबाई वाचून बघतात आणि मग ह्यांच्या समोर पाकीट चिकटवायचं. घरून फोन करायचा तर स्पीकरवर. म्हणून हे लाँड्रीत बसून लिहितेय. दुकान घराच्या खालीच, त्यामुळे मी कामाला जाते म्हणजे एक जिना उतरते. मालकीणबाई जेवायला गेल्यात आणि माझ्या पुढ्यात डागांच्या कपड्यांचा ढीग आहे.

महत्त्वाचं आधी. रविवारी येऊ नकोस. चेक तर मुळीच देऊ नकोस. तू ह्यांना फोनवर "बघतो, आणतो" म्हणालास ते मी स्पीकरवर ऐकलं. तू लोकांच्या दारं-खिडक्यांवर रंधा मारून मारून साठवलेले पैसे आहेत ते. आमचे गेले तसे जातील. हो, आमचे गेले. माझे दागिनेही गेले. वहिनीला सांग, पण आत्ताच नको.

ह्यांची नोकरी गेली, हे तुला कळवलंच नव्हतं. घरी बसले, दाढी वाढवली, आणि मग हा क्लास सापडला. क्लासचं म्हणणं असं की गरीब माणूस गरीब भाषेत बोलतो म्हणून गरीब राहतो. पैशाबद्दल बोलायचं तर इंग्रजीत, तेही त्यांनी शिकवलेल्या वाक्प्रचारांत. आमच्या फ्रिजवर, आरशावर, संडासाच्या दारावरसुद्धा चिठ्ठ्या आहेत. कॅश काऊ, म्हणजे पैशाची दुभती गाय. नेस्ट एग, म्हणजे साठवलेली पुंजी. डीप पॉकेट्स, म्हणजे खिसे खोल, पैसा बक्कळ. मेक अ किलिंग, म्हणजे एका दणक्यात रग्गड कमावणं. यात कुणाचा जीव जात नाही, हे कोचबाईंनी मुद्दाम समजावून सांगितलं. मराठीत "परवडत नाही" म्हटलं की दंड. तेल संपलं तर आधी "वी आर रोलिंग इन मनी" म्हणायचं, मग तेलाला पैसे मागायचे. पैशात लोळणारी बाई रिकामी बाटली हातात घेऊन उभी! सुरुवातीला मी आणि सासूबाई तोंडात पदर कोंबून हसायचो.

माणूस वाईट नाही रे. सकाळी आरशासमोर उभे राहून तीच वाक्यं घोकतात. मधेच आवाज फुटतो, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला दया येते, आणि दया आली की माझी वाचा बसते. तुम्हाला वाटतं मी घाबरते. घाबरतेही. पण निम्मं हेच आहे.

सासूबाई बऱ्या आहेत, असं लिहून पुढे जाणार होते. बऱ्या नाहीत.

त्यांना साखरेचा आजार, हे तुला माहीत आहे. मागच्या महिन्यात हे त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "काय आजी, कसं वाटतंय?" सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. मग ताठ बसून म्हणाल्या, "आय फील लाइक अ मिलियन डॉलर्स." म्हणजे एकदम ठणठणीत. डॉक्टर खूश! "वा आजी, तुमच्यासारखे पेशंट हवेत," म्हणाले, आणि जुन्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. हे दारापर्यंत आईचा हात धरून आले. एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तो पाहून मीही हसले.

सासूबाईंनी तिथे मोजे काढलेच नव्हते. परवा त्यांचे मोजे माझ्याकडे धुवायला आले. दिवसभर डागच बघते मी, चहाचा कुठला, गंजाचा कुठला, मला वासावरून कळतं. मोज्यावरचा डाग पाहिला आणि तशीच जिना चढून वर गेले. अंगठ्याखाली जखम होती, आत खोल गेलेली. दुखत नाही म्हणाल्या. दुखत नाही हेच वाईट, एवढं मलाही कळतं. "सांगितलं का नाही?" विचारलं, तर म्हणाल्या, "तो इतका खूश होता गं. मी कशाला बोलू?"

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, रविवारी दादाचा चेक आला की सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात नेऊ. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात मीच नेते, आजच. दारात आडवे उभे राहिले. "श्रीमंत माणसं रांगेत उभी राहत नाहीत," म्हणाले, आणि सासूबाई पलंगावरून मला खूण करतात की गप्प बस. हे क्लासला गेल्यावर पुन्हा म्हटलं, तर "त्याला चोरून दवाखान्यात नको" म्हणाल्या.

आता कळलं, मी कुठे अडकलेय? तू चेक दिलास तर तू बुडालास. नाही दिलास तर त्यांचा पाय. आणि दिलास तरी तो पैसा आधी कोचबाईंकडे जाणार, पायापर्यंत पोचणार नाही, हे मला माहीत आहे आणि सासूबाईंनाही. काल रात्री त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या भावाला येऊ देऊ नकोस." म्हणून हे पत्र लिहायचा धीर झाला.

मी त्यांना म्हटलं, चला, आपण दोघी दादाकडे जाऊ, तिथे पाय दाखवू. त्या म्हणाल्या, "सुनेच्या माहेरी मी कुठल्या तोंडाने जाऊ? मला कुणी बोलावलंय? तू जा." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. रागावले, रडले. बाई माझी समजूत घालत बसल्या. दादा, मी एकटी निघू शकते. जिना उतरले की समोर रस्ता आहे, मला कुणी बांधून ठेवलेलं नाही. पण मी गेले की त्या घरात त्यांचे मोजे काढायला कुणी राहणार नाही.

तू म्हणशील, मग मी काय करू? हे कर. दुपारी मालकीणबाई जेवायला जातात, तेव्हा सासूबाई माझ्यासोबत दुकानात येऊन बसतात. हे त्या वेळी क्लासला असतात. दुकानाचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, त्यावर फोन फक्त येतात, बाहेर लागत नाहीत. हे पत्र मिळेल त्याच दुपारी फोन कर. मी उचलेन आणि लगेच त्यांच्या हातात देईन. पायाचं बोलू नकोस, पैशाचं बोलू नकोस, त्यांच्या मुलाला बोल लावू नकोस, नाहीतर फोन ठेवून देतील. वहिनीलाही बोलायला लाव. आग्रह कर. आपली आई आपल्या व्याह्यांना करायची तसा, नाही म्हणायला जागा न ठेवणारा. "आमच्या घरी राहायला या, मी न्यायला येतो," एवढं त्यांना कुणीतरी म्हणायला हवं. या घरात त्यांना फार दिवसांत कुणी काही म्हटलेलं नाही, सगळे फक्त म्हणवून घेतात.

मला बोलावू नकोस. मला बोलावलंस तर त्या मला एकटीला पाठवतील, आणि मी येणार नाही. त्यांना बोलाव. त्या निघाल्या तरच मी सुटेन.

रोज दुपारी फोनजवळ बसलेली,
तुझी बहीण