मल्लूच्या आवाजातलं कुणीतरी

४ नोव्हेंबर

नवीन अपडेट आलं. गेममध्ये काय दिलं, तर घोड्याला सोन्याचे नाल. पळताना दिसत नाहीत, थांबला की गवतात बुडतात. तरी पोरं घेणार. सर्व्हर लटकतो त्यावर मात्र कंपनी गप्प. व्हिडिओत चांगलं धुतलं. एडिटिंग करता करता इरफान म्हणाला, "मल्लू, तेरा गला बैठेंगा एक दिन." बसू दे. आपलं चॅनेल चालतंच मुळी शिव्या न देता शिव्या दिल्यासारखं बोलण्यावर.

दिवसभर दुकानात मोबाइलच्या काचा बदलायच्या आणि संध्याकाळी मोबाइलवाल्यांनाच झोडपायचं, असं आमचं दोघांचं चाललंय.

अव्वाच्या, म्हणजे आईच्या, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. पुढच्या आठवड्यात. म्हणते, "मोतीबिंदू हाय तर हाय की. मला काय गेम खेळायचाय?"

७ नोव्हेंबर

बातम्यांत दिवसभर एकच. आवाजाची नक्कल. थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं की तुमच्या आवाजात तुमच्याच घरी फोन. टीव्हीवाले मागं भुताचं संगीत लावून बसलेत. अरे बाबांनो, घाबरायचं काय त्यात? घरात एक खूण ठरवा, विषय संपला. पण एवढंच सांगितलं तर बघणार कोण?

अव्वाची गोष्ट टाकावी म्हणतोय. ती अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. तिच्या माहेरी अंधार पडल्यावर दारातून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली की मग दार. बाहेरचं जे असतं ते घरच्याच माणसाच्या आवाजात बोलतं म्हणे, पण त्याला दोनच हाका येतात. अव्वा हे जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्येही पाळते, तेही दिवसाढवळ्या. त्यामुळं किल्ली विसरलो की मी आजही दारात बोंबलत असतो, "अव्वा! अव्वा! अगं अव्वा!"

आज विचारलं, दोनच कशावरून गं?

"असलं इचारू न्हाय."

९ नोव्हेंबर

टाकला व्हिडिओ. नाव दिलं 'आमच्या अव्वाचं व्हेरिफिकेशन'. तिन्ही हाका मारून दाखवल्या, तिसरी जरा वैतागून, खरी मारतो तशी. इरफान हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला.

अव्वा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. जेवताना म्हणाली, "घरातलं भाईर कशाला सांगतोस? ते काय बहिरं असतंय व्हय?"

मी म्हटलं, कोण ते? तर ताटात आणखी एक भाकरी वाढली.

१३ नोव्हेंबर

व्हिडिओ पळतोय. आजवर कुठलाच एवढा पळाला नव्हता. आता माझ्या तीन हाकांवर रील्स निघाल्यात. कुत्र्याला हाक, गॅस सिलिंडरवाल्याला हाक, नवरदेव मांडवातून नवरीला हाक मारतोय. महिनाभर घसा फोडून गेम कंपन्यांची लूट समजावली ती कुणी बघितली नाही. इंटरनेटला अक्कल दिली तर ते झोपतं. अव्वा दिली तर नाचतं. राग येतो, आणि बरंही वाटतं. खोटं कशाला बोलू.

काल अव्वाचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, ती दोन-तीन आठवडे ठेवायची, थेंब टाकण्यापुरतीच काढायची; दुसऱ्या डोळ्यानं आधीच धूसर. टीव्ही नको, वाकायचं नाही, जिना उतरायचा नाही. दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणून दुपारी समोरच्या पद्माकाकू येऊन बसतात. तेवढाच आधार.

१५ नोव्हेंबर

संध्याकाळी घरी आलो तर अव्वा खूश. "दुपारी फोनवर लई ग्वाड बोललास की आज."

मी फोन केला नव्हता. गुंगी असेल अजून. डोळ्यात थेंब टाकले, झोपली.

१६ नोव्हेंबर

गुंगी नाही. तिच्या बटणांच्या फोनमध्ये बघितलं. दुपारचा कॉल आहे. नाव 'मल्लू'. नंबर माझा. माझ्या फोनमध्ये तसला कॉलच नाही.

इरफानला दाखवलं. "नंबर क्या, कुछ भी दिखा सकते रे आजकल. पैसे मांगेंगे, देख." मलाही तेच वाटलं. अव्वाला विचारलं, काय मागितलं? बँकेचं काही? कुठला आकडा विचारला?

"काय न्हाय बाबा. जेवलीस का म्हणालास, डोळा ठणकतोय का म्हणालास. फोनवर पण तीन हाका मारल्यास, म्हणून तर बोलले."

मग तिला सगळं सांगितलं. तो मी नव्हे, अव्वा. मशीन आहे. माझे व्हिडिओ ऐकून माझ्यासारखं बोलतंय. तिनं पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडं वळवलं आणि म्हणाली, "मशीनला माझ्या डोळ्याचं काय करायचंय?"

ऑपरेशनचं मी कुठल्याच व्हिडिओत बोललेलो नाही.

१८ नोव्हेंबर

आज पुन्हा आला. काकू शेजारीच होत्या. म्हणाल्या, "अरे, तूच होतास की रे. किती वेळ कन्नडमध्ये गप्पा मारल्या तुम्ही."

कानडी!

मी शाळेत असताना कानडी बोलणं सोडलं. पोरं चिडवायची. घरात अव्वा कानडीत बोलते, मी मराठीत उत्तर देतो, अशी सवयच लागली. आज चॅनेलवरचे सगळे व्हिडिओ डोक्यात फिरवून बघितले. कुठंही एक कानडी शब्द नाही. मग त्याला कुठून आली? अव्वाला विचारलं, कशी बोलतो तो कानडी?

"लहानपणी बोलायचास तशीच. 'ऊटा आतेनु अव्वा' म्हणाला. जेवलीस का, असं कोण इचारतंय मला आजकाल?"

मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. रोज थेंब टाकतो, डबा भरतो, जेवलीस का हे मात्र विचारत नाही. पातेल्यात बघून कळतं की.

१९ नोव्हेंबर

फोन बंद करून माझ्या बॅगेत टाकला. सिम काढलं. आता कर म्हणावं.

अव्वानं दिवसभर काही खाल्लं नाही. दूधसुद्धा तसंच ठेवलं.

२० नोव्हेंबर

 

दुपारी पद्माकाकूंचा फोन. "मल्लू, आधी घरी ये." त्या पाच मिनिटं गॅस बघायला आपल्या घरात गेल्या, परत येऊन बघतात तर दार सताड उघडं. अव्वा खालच्या वळणावर, कठड्याला धरून, अनवाणी. पुढची पायरी पायानं चाचपत होती. काकूंनी मागून धरलं म्हणून.

मी आलो तर माझ्यावरच ओरडली. "खाली रिक्षा घेऊन उभा हाय म्हणालास, आणि कुटं गेलतास?"

फोन कुठं होता अव्वा? फोन माझ्या बॅगेत आहे!

"फोन कशाला? दारातनं हाक मारलीस. तीन बार."

इरफान म्हणतो, बिल्डिंगमधल्या कुणीतरी जिन्यात रील लावलं असणार. असेल. पण रीलमध्ये रिक्षा कुठून येईल? इरफान उठून जिना बघून आला.

मी भ्यालोय. लिहून ठेवतो. ती पडली असती तर मी काय केलं असतं?

२१ नोव्हेंबर

व्हिडिओ उडवला. काही उपयोग नाही, शेकडो ठिकाणी पसरलाय. एकदा टाकलेलं परत घेता येत नाही हे मीच दर आठवड्याला लोकांना ओरडून सांगतो.

पोलिसांकडं गेलो. साहेब सभ्य होते. "किती पैसे गेले?" गेले नाहीत. "धमकी?" नाही. "मग तक्रार काय लिहू, तुमच्या आईशी चांगलं बोलतो म्हणून?" हसले नाहीत, तेवढं बरं.

२३ नोव्हेंबर

इरफाननं एक चॅनेल शोधून काढलं. चेहरा नाही, नुसता आवाज. माझा. कालचाच व्हिडिओ. पैसे भरून जिंकायचे गेम आणि त्यात पोरांना एकटं पाडायची युक्ती, यावर. मी कान किटेस्तोवर ऐकून चुका शोधल्या. एकही नाही. एकेक वाक्य पटत होतं. त्यातली शेवटची उपमा तर मी रविवारी वापरायची म्हणून मनात ठेवली होती. इरफानलाही सांगितली नव्हती.

खाली कमेंट, "जुना मल्लू परत आला बे!" दुसरी, "ते ओरिजिनल चॅनेल आता कोण चालवतंय? त्याचा आवाज नकली वाटतो."

त्या दुसरीला चिडून उत्तर दिलं की खरा मी आहे. त्यावर लोकांनी हसण्याचे चेहरे टाकले. एकजण म्हणतो, नकली असंच म्हणणार.

आजकाल खरं असण्यापेक्षा सुबक असणं लोकांना पुरतं. या विषयावर व्हिडिओ करायला हवा. पण तोंड उघडायचं म्हटलं की वाटतं, त्याला आणखी खाऊ घालतोय.

२४ नोव्हेंबर

दोन दिवस दुकानात गेलो नाही. हाक नाही, काही नाही. मी घरात असलो की ते येत नाही.

अव्वाला समोर बसवून सांगितलं. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. कितीही हाका येऊ देत. माझा हात हातात घ्यायचा, अंगठा चाचपायचा. सोल्डरिंगनं भाजलेला तो खरबरीत डाग लागला तरच मी. आतून कडी लावायची नाही, मी किल्लीनं येईन. हे घरात मोठ्यानं बोललो नाही, तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

तिनं कितीतरी वेळ अंगठा धरून ठेवला. "हात लई गार हाय रे तुजा," म्हणाली. मग हळूच, "एक इचारू? त्यो वाईट काय बोलत न्हाय. तुला का एवढं झोंबतंय?"

अव्वा, त्यानं तुला जिन्यात नेलं!

"व्हय," म्हणाली. "नेलं खरं."

तिला नीट पटलंय की नाही कळत नाही. मी विचारलं, कानडीत, "ऊटा आतेनु?" जीभ वळेना. ती हसली. म्हणाली, त्याचं बरं येतंय.

२६ नोव्हेंबर

जिन्यात बसून लिहितोय. नाहीतर डोकं फुटेल.

दुकानात जाणं भाग होतं. काकू सकाळपासून अव्वाजवळ होत्या. जेवणाच्या वेळी मी त्यांना फोन केला की निघालोय, मी आलो की तुम्ही घरी जा. आता काकू म्हणतात, "मी पण तेवढ्यासाठीच थांबले रे. तू आलास, आत गेलास, मग मी निघाले." डोळ्यांनी बघितलं का काकू? "स्वयंपाकघरात होते. आवाज ऐकला की तुझा. काकू, जा आता, म्हणालास."

किल्ली फिरते, दार उघडत नाही. आतून कडी आहे.

बेल वाजवली. अव्वा दाराशी आली. पट्टी असली तरी पावलं ओळखतो मी तिची. "कोण हाय?"

"मी आहे अव्वा. मल्लू. उघड."

मग आतल्या खोलीतून मी बोललो. माझाच आवाज, शांत, कानडीतून. "बागला तेगीब्याड, अव्वा." दार उघडू नकोस.

अव्वाचा फोन माझ्या बॅगेत आहे. टीव्हीची वायर मी स्वतः काढून ठेवलीय. घरात बोलणारी वस्तू शिल्लक नाही.

किती हाका मारल्या, मोजल्या नाहीत. आवाज चिरकायला लागला, माझा मलाच ओळखू येईना. शेवटी दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून हात आत घातला. "अव्वा, हात बघ माझा. अंगठा बघ. आपलं ठरलंय ना?"

ती खिडकीपाशी आली. हाताला शिवली नाही. फार मायेनं बोलली, परक्या माणसाची समजूत काढतात तशी.

"तू कोण हाईस बाबा, मला ठावं न्हाय. पर जा आता. माज्या पोराचा हात माज्या हातात हाय. डाग लागतोय मला. आणि हात ऊन हाय त्याचा."

इरफान कटर घेऊन निघालाय, कडी कापायला. काकू माझ्यापासून जरा लांब उभ्या आहेत.

आत ताटं मांडल्याचा आवाज येतोय.