मत, पत आणि त्यांचं नाव

आत्याबाई, मी तुमची सून सांगतेय आणि तुमची पणती लिहून घेतेय. तुम्ही म्हणायच्या, शिकलेली बाई घर बुडवते. ही कॉलेजात जाते. घर अजून कोरडं आहे.

पंचवटीतल्या वस्तीत नळाशेजारी टेबल मांडलं होतं, आठवतं? "मतदार यादीत नाव लावा, कार्ड घ्या, कार्डावर पतसंस्थेचं कर्ज घ्या," असं एका पक्षाचे कुर्तेवाले ओरडत होते. दुसऱ्या पक्षाचे समोर उभे. "कर्जाचं गाजर दाखवून मतं गोळा करता! ही हरसूलकडून आलेली माणसं, उद्या पळाली तर कोण भरणार?" "म्हणजे गरिबाला ना मत, ना पत?" आमच्यावरून त्यांनी एकमेकांची गचांडी धरली, आम्हाला कुणी विचारलं नाही. बोललात त्या तुम्हीच. "मत द्या नायतर पत द्या, मेल्यांनो, आधी नळापासून टेबल हलवा!"

माझी पाळी आली. "नवऱ्याचं नाव?" तुम्ही माझ्या पाठीशी उभ्या. लग्नाच्या वर्षी एकदा त्यांचं नाव माझ्या तोंडून निसटलं, तेव्हा तुम्ही तापलं उलथनं ओठाला लावलं होतं. तो डाग पणती लहानपणी तीळ समजायची. मी आपलं आभाळाकडे बोट केलं. "सकाळी उगवतो ना, त्याचं." आता सूर्याला नावं काय थोडी! त्या शहाण्यानं त्यातलं दुसरंच लिहिलं. कार्ड आलं तेव्हा कळलं, मी पुढच्या गल्लीतल्या हातभट्टीवाल्याची बायको झाले. तुमचा लेक जाऊन वर्ष होत होतं, आणि बायका विचारत होत्या, "काय वहिनी, नवीन मालक पाजतो का घोटभर?" सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसलात.

मग त्याच नळावर घसरून तुमचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, म्हणून मी कर्ज मागितलं. पतसंस्थेचा माणूस घरी चौकशीला आला. भला होता. "रेशनकार्डावर एक नवरा, ह्याच्यावर दुसरा. बाई, बोट दाखवून चालत नाही, खरं नाव तुमच्या तोंडून सांगा, मी दुरुस्त करून घेतो." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्हाला तरी कुठं सांगता येत होतं? लेकाला तुमच्या सासऱ्यांचं नाव; जन्मभर त्याला 'आबा'च म्हणालात. तो बिचारा एकदा तुमच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे.

"आत्याबाई, घेऊ का नाव?"

कण्हत होतात, तरी बोट उचललंत. "तोंड जाळीन."

"नाय घेत, आत्याबाई," मी म्हटलं आणि त्याला चहा टाकला. इतक्या गोडीनं मी तुमचं कधीच ऐकलं नव्हतं. नंतर कर्जाविना, ऑपरेशनाविना पावसाळाभर तुम्ही खाटेवर ओरडत होतात, मी हगणं-मुतणं काढत होते आणि कूस बदलताना दर वेळी विचारत होते, "आता घेऊ?" बोट वर जायचं. थंडीत गेलात. लोक म्हणाले, सून असावी तर अशी, शब्दाबाहेर नाही.

अजून मत देते मी, हातभट्टीवाल्याची बायको म्हणून. परवा पणतीनं दुरुस्तीचा अर्ज आणला. "आजी, आता कोण डाग देणार आहे? नाव मला ठाऊक आहे, पण तूच बोल ना." खरंच की. मी दार लोटलं, पदर सावरला, पहिलं अक्षर जिभेवर आणलं.

अर्ज कोराच आहे. हे पत्रही त्याच्याच घडीत घालून ठेवायला सांगितलंय. कारण आत्याबाई, दार बंद होतं, तुम्ही कधीच्या गेलेल्या, आणि माझा हात आपसूक ओठ झाकायला गेला.