जिभेखालचा दात

१२ मार्च

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

पिटुकलीला पाठवलेला फ्रॉक पोचला. दोन बोटं आखूड आहे. माझ्यासारख्या शिवणकाम करणारीच्या घरी माप चुकलेलं लगेच दिसतं, रागावू नका.

गेल्या मंगळवारी तिचा पहिला दात पडला. पडला म्हणजे तोंडात फट दिसली म्हणून कळलं. दात कुठे विचारलं तर तोंडाला कुलूप. सगळं घर झाडून काढलं, उशीचा कापूससुद्धा चाचपला.

त्याच संध्याकाळपासून तिला खोकला लागलाय. डॉक्टरांनी सर्दीचं औषध दिलं, पण सर्दी नाहीच. श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजते. काल तापही आला, जिना चढताना दुसऱ्याच मजल्यावर बसली. हे म्हणतात, मी उगाच घाबरते. सुट्टीत तुमच्याकडे असताना तिला असं कधी झालं होतं का?

लोभ आहेच, त्यात थोडा धीरही पाठवा.
तुमची सूनबाई

१४ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. मिळताक्षणी पिटुकलीला मोठ्या दवाखान्यात ने आणि छातीचा एक्स-रे काढायला सांग. दात आत गेला असेल.

सुट्टीत मीच तिला सांगितलं होतं, की पडलेला दात छपरावर फेकायचा, म्हणजे उंदीर तो नेतो आणि आपला देतो. तोवर कुणाला दाखवायचा नाही, नाहीतर नवा वाकडा येतो. मग लपवायचा कुठे, असं तिनं विचारलं. जिभेखाली, मी म्हणाले. माझ्या आईनं मला असंच सांगितलं होतं; पण आमचं घर बैठं, अंगणात गेलं की छप्पर. तुमच्या गच्चीला कुलूप असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोर किल्लीची वाट बघत राहिली असणार.

माझ्या जिभेला हाड नाही. हे पत्र माझ्या मुलालाही दाखव, मला पाठीशी घालू नकोस.

आशीर्वाद द्यायलाही लाजणारी,
आई

१७ मार्च

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं तशी मशीनखालचं कापड टाकून धावले. दात उजव्या फुफ्फुसाच्या वाटेत अडकला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले. भूल देऊन नळीनं काढला. दीड तास आम्ही दोघं बाकावर बसून होतो. आता ताप उतरलाय, शिट्टी थांबलीय.

पत्र यांना दाखवलं. ते गप्प आहेत. मी गप्प बसणार नाही. मला तुमचा भयंकर राग आलाय, आणि माझाही. त्या मंगळवारी ती दोनदा मशीनपाशी येऊन माझा पदर ओढत होती, आणि कॉलर पुरी होईपर्यंत मला छळू नकोस, असं मी म्हणाले होते.

शुद्धीवर आल्यावर ती आधी रडली. मग विचारलं, दात सगळ्यांनी पाहिला, आता आजी माझ्याशी बोलणार नाही का. श्वास कोंडला तरी पोरीनं तुमचा शब्द मोडला नाही, आई. तिला उत्तर मी देणार नाही. माझा राग जाईल तेव्हा जाईल, तुम्ही हे पत्र मिळताच पहिल्या बसनं या.

रागावलेली, तरी तुमचीच,
सूनबाई