चिमण्यांचा बंदोबस्त

१८ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून चिमण्यांचं राज्य खतम. मोहियोद्दीन सेठ सगळ्यांसमोर बोलला, कडुबा, ये चिड़ियां कू बाहर निकाल, तेरे कू सुपरवायझर करतूं. गारखेड्यातलं एवढं मोठं मार्ट, काचेचं आपोआप उघडणारं दार, आन् आत बाजरी-तांदळाच्या उघड्या पेट्यांवर चिमण्या शिटतात. गिऱ्हाईक तांदळात हात घालतं आन् भलतंच हाताला लागतं.
मी आठवीत शाळा सोडली, डोकं नाय सोडलं. बोटभर पाखराला अक्कल ती किती असणार? दोन दिवसांचं काम.
आईला फोन करून सांगून टाकलं, सुपरवायझर झालो. झाल्यातच जमा.

१९ फेब्रुवारी
आईनं गावभर केलं. आमचं गाव अजिंठ्याच्याही पुढं, तिथं बातमी एसटीच्या आधी पोचते. विशाखाच्या वडलांनी पण ऐकलं. सुरत सोडली, पुणं सोडलं, हे पोरगं कुठंच बूड टेकत नाय, असं म्हणणारा हाच माणूस. आता म्हणतो, पोरीला द्यायच्या आधी येऊन बघतो. ये म्हणावं.
शहागंजातून टोपी घेतली. वर सुपरवायझर छापून घेतलं. गोदामातल्या उंच खिळ्याला पट्ट्यानं टांगली. शेवटची चिमणी बाहेर गेली की घालायची, तोवर तिच्याकडं मान वर करून बघायचं पण नाय. शब्द म्हणजे शब्द.

२१ फेब्रुवारी
रबरी साप आणला, तांदळाच्या पेटीवर ठेवला. चिमण्या उडाल्या. एक म्हातारी बाई पण उडाली.
दुपारी बघतो तर एक नर सापाच्या डोक्यावर बसून चोच घासतोय. नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो, दाढीवाणी. ज्याचा डाग मोठा तो बाकीच्यांना पेटीवरून हुसकतो. याचा डाग पार छातीपर्यंत. याचं नाव दादा ठेवलं. वैऱ्याला नाव पाहिजे.

२५ फेब्रुवारी
दार बंद असताना हरामखोर आत येतात कुठून, ते लपून बघितलं. दाराच्या वर डोळा आहे. दादा त्या डोळ्यासमोर फडफड करतो, दार उघडतं, मागून सगळं वऱ्हाड आत.
सेठला सांगितलं. तो म्हणे, वो भी सीख गई, तू कब सीखेगा? पहिल्या दिवशी मी दार ढकलत बसलो होतो, ते अजून विसरला नाय.
दाराचं बटण बंद केलं. एक साहेब काचेवर आपटले. बटण चालू केलं.

२ मार्च
रोजे लागले. सेठ दिवसभर शिव्या देत नाय. नुसता बघतो आन् जमा करतो. इफ्तारीनंतर एकदम देतो.
आज आरसा लावला. दादा आरशातल्या दादावर तुटून पडला. म्हटलं आता दमून मरंल. तो दिवसभर भांडला. तोवर बाकीच्यांनी निवांत बाजरी खाल्ली, पिठाच्या पेटीत अंघोळी केल्या. सेठनं सगळं बघितलं. आज इफ्तारीनंतर लई वेळ लागला.

५ मार्च
हत्यार सापडलं! धान्य निवडणाऱ्या आवडाबाई म्हणे, चिमणीला माणसाचा हात लागला की बाकीच्या तिला जातीत घेत नायत, टोचून मारतात. मग झालंच की. एकीला शिवायचं, सोडायचं. त्यांच्यात भांडण पेटंल, जमात फुटंल, मार्ट रिकामं.
आईला फोनवर स्कीम सांगितली. आईनं सगळी ऐकून घेतली. मग म्हणे, जयभीमवाल्याच्या घरात जन्मलास आन् शिवाशिवीच्या भरवशावर नोकरी मिळवतोस व्हय रं? तुझा आजा गावच्या विहिरीवर मार खाऊन पाणी पिला, ते याच्यासाठी? म्हटलं, आई, ही माणसाची गोष्ट नाय, पाखराची आहे. ती म्हणे, मग पाखरांना तेवढी अक्कल आसंल.
ठेवला फोन. आईला मॅनेजमेंट कळत नाय.

७ मार्च
टोपलीखाली एक मादी घावली. हातात धरली. तिचं काळीज तळहातावर थाडथाड उडत होतं. घाबरलीच पाहिजे. डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, शिवण्यात कसूर नाय ठेवली. नंतर ओळखू यावी म्हणून शेपटीला ऑफरचं स्टिकर लावलं. बाय वन गेट वन. दिली सोडून.
आता बघा तमाशा.

८ मार्च
दादा तिच्याकडं निघाला. मी आवडाबाईला हाक मारली, या म्हटलं, आता टोचतो. त्यानं छाती फुगवली, पंख खाली पाडले, शेपूट वर केली आन् तिच्याभोवती नाचायला लागला. पुढचं आवडाबाईनं तोंडाला पदर लावून बघितलं. म्हणे, कडुबा, ह्यांचं तर लगीन लावलंस. तुझं कधी रं बाबा?

१० मार्च
टोचाटोची नाय. पण स्टिकरवाली आन् दादा आता पेट्यांवर कमी बसतात. केरसुणीच्या काड्या, पोत्याची सुतळी, कुठलीशी पिसं चोचीत धरून गोदामाकडं जातात. म्हणजे सामान आवरून निघाले. माघार! स्कीम चालली, फक्त हळूहळू.

२० मार्च
आज चिमणी दिन निघाला. शाळेच्या पोरी मास्तरणीबरोबर आल्या, चिमण्यांचे फोटो काढले, सेठचाही काढला. आवडाबाई मधेच बोलल्या, ह्या पिलांना अळ्या भरवतात, ज्वारीतली अळी कमी झाली. सेठ एवढा खूश की म्हणे, बरकत है, रैने दे. मला पाण्याचं भांडं ठेवायला लावलं.
आन् माझी सुपरवायझरी? विचारलं नाय. रविवारी पाहुणे यायचेत. टोपी घालून दारात उभा राहीन. चारचौघात, त्यात रोजा, सेठ काय बोलणार?

२३ मार्च, रविवार
विशाखाचे वडील आले. विशाखा पण. मी पळत गोदामात, स्टुलावर चढून टोपीला हात घातला. आतून टोचलं.
स्टिकरवाली. टोपीभर काड्या, सुतळी, पिसं, आन् ती फुगून बसलेली. परत हात घातला, परत टोचलं. उडाली नाय. खाली अंडी.
मागून आवडाबाई म्हणे, बाळंतिणीला उठवतोस व्हय रं?
उतरलो. उघड्या डोक्यानं बाहेर आलो, हातात चिमण्यांच्या पाण्याचं भांडं. विशाखाच्या वडलांनी सेठला विचारलं, इथले सुपरवायझर कोण? सेठचा रोजा. खोटं बोलता येईना, शिवी देता येईना. नुसता माझ्याकडं बघत राहिला.
शेवटी आवडाबाईनं पाहुण्यांना गोदामाच्या दारात नेलं आन् खिळ्यावरची टोपी दाखवली. म्हणे, त्या काय, आत बसल्यात. सध्या उठत नायत.
विशाखा हसली. तिचे वडील नाय हसले. चहा न घेता एसटी गाठायला निघाले.

संध्याकाळी
सेठनं खजूर खाल्ला, पाणी पिला. मी समोर जाऊन उभा राहिलो, एवढ्या दिवसांचं जमा झालेलं घ्यायला. तो एवढंच बोलला, कल से गोदाम में आहिस्ता चल. सुपरवायझर सो रई.