तोंड धुवून या

११ फेब्रुवारी १९५४, ठाणे
काल शाळेतलं हळदीकुंकू झालं. नेहमीप्रमाणे वर वर्गात बसून सातवीच्या वह्या तपासल्या. हे जाऊन तेरा वर्षं झाली, आता त्याचं काही वाटत नाही. कुसुम, आमच्यातली सगळ्यात धाकटी शिक्षिका, तिळाची वडी वर आणून देते. ती खायची, विषय संपला.
आज मधल्या सुट्टीत तीच कुसुम घुटमळत होती. शेवटी तिने सांगितलं की काल खाली बायकांत माझा विषय निघाला. मी गालांना लाली लावते म्हणे. विधवा बाई, वर मुलींची मास्तरीण, आणि तोंड रंगवून...
पुढचं तिने गिळलं. 
घरी आल्यावर तोंड पाहावंसं वाटलं, तर आरसाच नाही. पितळी डब्याच्या झाकणात पाहिलं. त्यात सगळेच पिवळे दिसतात.

१३ फेब्रु.
आरसा घेतला, हातभर. दुकानदाराने विचारलं, लग्नाचा आहेर का? हो म्हटलं.
दाराशी उजेडात बसून नीट पाहिलं. दोन्ही गाल, नाकाचा दांडा, हनुवटी लाल. जवळून पाहिलं तर लाल सुताचे बारीक धागे दिसतात. अधूनमधून पुटकुळ्या, तारुण्यपीटिकांसारख्या, पण अडतिसाव्या वर्षी कसलं तारुण्य. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, ते मात्र वह्या तपासून होतं असं समजत होते.
दोन हिवाळ्यांपासून आहे हे. येतं, जातं, मी उन्हावर ढकलत आले. लाली लावायचीच असती तर इतकी वाईट लावली नसती.

१६ फेब्रु.
घरमालकीण जानकीबाय ओसरीवर मासळी साफ करत होती. मी पाणी भरून निघाले तर हाक मारून म्हणाली, "बाय, तुजे तोंडाला काय झायलाय गो?" शाळेत इतक्या जणी आहेत, पण तोंडावर विचारणारी ही पहिलीच. मला बरं वाटलं.
तिचं माहेर-सासर दोन्ही कोपरीतलं, मिठागरावर राबलेलं. आता चार खोल्या भाड्याने देते. तिच्या मते हा खाऱ्या वाऱ्याचा प्रताप. मी मिठागरावर कधी गेलेच नाही, असं सांगितलं. तर म्हणाली, वारा काय विचारून येतो?

२२ फेब्रु.
मोठ्या बाईंनी शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. येत्या जूनमध्ये मला कायम करायचं की नाही ते शाळेचं मंडळ ठरवणार आहे, आणि मो. बाई ज्याच्या बाजूने बोलतात त्याचं काम होतं. मी कायम झाले तर ही खोली माझी. नाही झाले तर डोंबिवलीला दादाच्या घरी जायचं, वहिनीच्या हाताखाली. हे त्यांनाही माहीत आहे.
इकडचं तिकडचं बोलून झालं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. पण एकदा माझ्यासमोर तोंड धुवून या."
धुतलं. नळावर, साबण लावून. त्यांनी आपला पांढरा टॉवेल दिला. मी रागाने खसाखसा पुसलं आणि टॉवेल त्यांच्यापुढे धरला. पांढराच्या पांढरा. गाल मात्र घासून असे पेटले की त्या दोन पावलं मागे सरल्या.
म्हणाल्या, "अगं बाई, मग हे आहे काय?"
मला वाटलं होतं, जिंकले. घरी येऊन रडले.

२६ फेब्रु.
लाली होती तोवर बरं होतं म्हणायची वेळ आली. लाली नाही म्हणजे रोग, आणि लाल चट्ट्यांचा रोग म्हटलं की लोकांना एकच माहीत. महारोग. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला तिच्या आईने मागे बसवायला सांगितलं. मुलगी बिचारी मागून फळा दिसत नाही म्हणून मान उंचावते.
मंडळाच्या चिटणिसांची चिठ्ठी आली: कायम करण्याआधी डॉक्टरी दाखला द्यावा.

७ मार्च, डोंबिवली
रविवार, म्हणून दादाकडे. वहिनीने चंदन उगाळून लावलं, एका वैद्यबुवांनी पित्त सांगून काढा दिला. चंदनाने घटकाभर गार वाटतं, काढ्याने तोंड कडू होतं. सगळे प्रेमानेच करतात.
चहा झाल्यावर पाहिलं, वहिनीने माझा कप वेगळा विसळून कोनाड्यात पालथा घातला. बाकीचे फळीवर. दादाने पाहिलं आणि वर्तमानपत्र वर धरलं. फार लागलं मला ते. परकं कुणी केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

१२ मार्च
रजा टाकून मुंबईला, मोठ्या दवाखान्यात, कातडीच्या डॉक्टरांकडे. बाकावर अडीच तास. शेजारी ठाकुर्लीचे एक गृहस्थ, रेल्वेत फिटर. नाक लाल, सुजलेलं, टोकाला गाठाळ. आधी मीही मनात तेच म्हटलं जे सगळे म्हणत असतील. दारूबंदी आहे, पण मिळवणारे मिळवतात.
त्यांनीच बोलणं काढलं. आयुष्यात थेंब घेतला नाही, माळकरी माणूस. पण महिन्यातून एकदा तरी पोलीस हटकतो, तोंडाचा वास घेतो. मी माझी टॉवेलची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला तोंड धुवायला लावतात, मला उघडायला." मग मात्र दोघांनाही हसू आलं. बाकावरचे बघत राहिले.
डॉक्टर पोक्त, कमी बोलणारे. डोळे मिटायला लावून गालावरून कापूस फिरवला. कळतंय? कळतंय. टाचणी टोचली. टोचली म्हणून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. महारोगात तिथे कळत नाही म्हणे. तो नव्हे.
नाव सांगितलं: रोझेशिया. दोनदा लिहून घेतलं. लागत नाही, पसरत नाही, रक्त खराब म्हणून होत नाही. तोंडाच्या बारीक रक्तवाहिन्या चटकन फुगतात आणि मग ओसरायचं विसरतात. डोळ्यांची वाळूही त्यातलीच. का होतं, ते पक्कं ठाऊक नाही असं सरळ म्हणाले. आवडलं मला.
विचारलं, कधी बरं होईल? "हा सोबती आहे तुमचा. कधी निजेल, कधी उठेल. कशाने उठतो ते तुम्ही शोधा. रोज लिहून ठेवा."
औषध म्हणून एक पातळ मलम दिलं. गुलाबी! मी म्हटलं, डॉक्टर, गुलाबी सोडून काहीही द्या. त्यांना काही कळेना. वाळल्यावर रंग दिसत नाही म्हणाले. म्हणजे आता मी खरोखरच तोंडाला लावू लागले.

१४ मार्च
आजपासून नोंद. तोंडाच्या चार पायऱ्या केल्यात: साधं, तांबूस, लाल, पेटलेलं.
सकाळी साधं. कढत चहा घेतला, कान गरम, तांबूस. चूल पेटवून भाकऱ्या, लाल.

१७ मार्च
चहा कोमट करून प्यायले. साधं. कोमट चहा म्हणजे शिक्षाच आहे. दुपारी रेल्वेचा पूल ओलांडून शाळेत, ऊन, लाल. चिटणीस जिन्यात भेटले. पेटलेलं.

२४ मार्च
रंगपंचमी. रस्ताभर सगळ्यांचीच तोंडं लाल. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. फार दिवसांनी रमतगमत घरी आले.

२ एप्रिल
नोंदी वाचून जानकीबायला सांगितलं, उन्हाने सगळ्यात जास्त होतं. ती आत जाऊन जुना मऊ फडका घेऊन आली. मिठागरावर मीठ ओढताना बायका तोंडाला बांधतात तसा बांधून दाखवला, डोळे तेवढे उघडे. पांढऱ्या मिठावरचं ऊन खालून पण भाजतं, म्हणाली. नुसत्या छत्रीने भागत नाही हे तिच्या सासूला ठाऊक होतं.
मास्तरीणबाई फडका बांधून पुलावरून. लोक बघतात. बघोत.

१० एप्रिल
आठ दिवसांत सहा दिवस तांबूसच्या वर गेलं नाही. लोणचं बंद, चहा कोमट, फडका, स्वैपाक उजाडण्याआधी. पुटकुळ्या जवळजवळ गेल्या. धागे आहेत तिथेच आहेत.
डॉक्टरांना वही दाखवली. मन लावून वाचली. चिटणिसांचं पान वाचून हसले. राग, लाज यांनीही उठतं म्हणाले, खरं तर त्यांनीच फार. म्हणजे तोंड लाल म्हणून लोक बोलणार, आणि लोक बोलले म्हणून तोंड लाल. यावर औषध काय ते त्यांनी सांगितलं नाही.
दाखला दिला: संसर्ग नाही, महारोग नाही, शिकवण्यास हरकत नाही.

२८ एप्रिल
मंडळाचं उत्तर. दाखला पावला. परंतु 'पूर्ण बरी झाल्याचा' दाखला असल्यास विचार करणे सोपे जाईल.
हे पुढेही असंच राहणार, हे मला सहा आठवड्यांत समजलं. मंडळाला दाखला वाचूनही समजत नाही. त्यांच्या लेखी माणूस आजारी तरी, नाहीतर बरा तरी.

९ मे, डोंबिवली
दादाने मार्ग काढला. त्याच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, 'पूर्ण बरी' म्हणून लिहून देतील. हल्ली तोंडही बरं दिसतंय, कुणाला शंका येणार? दादाला मनापासून मदत करायची आहे. मला मोह झाला, हे इथे तरी लिहावं. रात्रीपर्यंत हो म्हणायच्या बेतात होते.
मग वाटलं, पुढच्या वैशाखात पुन्हा पेटेल तेव्हा काय? तेव्हा मी खोटी ठरेन, आणि लालीची गोष्ट पुन्हा खरी होईल. नको म्हटलं. दादा चिडला. चहा मी माझ्या हाताने केला आणि कप सगळ्यांबरोबर फळीवर ठेवला. वहिनीने तो उचलला नाही.

१५ मे
सुट्टी, उकाडा, तोंड लाल. नेम पाळूनही लाल. आज राग आला, डॉक्टरांचा, उन्हाचा, सगळ्यांचा. हे कधीच जाणार नाही हे माहीत असणं वेगळं आणि आरशात रोज तेच बघणं वेगळं.
जानकीबायला म्हटलं, काही उपयोग नाही. ती सुपात तांदूळ पाखडत होती, थांबली नाही. "मिठाचे पायी आमचे बायकांचे डोल्यांचा पानी जलमभर गेला नाय. म्हनून मिठागराव जायाचा सोडला काय?"

१२ जून
शाळा सुरू झाली. उद्या रविवारी मंडळाची सभा, मला अकराला बोलावलंय. आठवडाभर साधं होतं, आज नेमकं लाल. भीतीने असणार.
संध्याकाळी मो. बाई स्वतः खोलीवर आल्या, प्रथमच. जानकीबायने पाट दिला. त्यांनी पदराआडून एक पावडरची डबी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, उद्या थोडी लावून या. कुणाला दिसणार नाही, प्रश्न निघणार नाही, सही होऊन जाईल. "मला तुम्ही शाळेत हव्या आहात हो."
खरं बोलत होत्या. डोळ्यांत पाणी होतं. त्यामुळेच मला हसता येईना आणि रागावताही येईना. फेब्रुवारीत ज्यांनी धुवायला लावलं, त्याच आता लावायला सांगतात, आणि दोन्ही वेळा माझं बरं व्हावं म्हणून. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांना पुलापर्यंत पोचवून आले.
डबी आरशाशेजारी ठेवली आहे. वास चांगला आहे.

१३ जून
चहा घेतला नाही. डोळे खुपतात. डॉक्टरांचा दाखला आणि नोंदींची वही पिशवीत घातली. विचारलं तर पान पान वाचून दाखवीन, चिटणिसांचं सोडून. डबीही घेतली, न उघडता, मो. बाईंना परत करायला. त्यांना वाईट वाटेल.
जानकीबायने फडका धुऊन वाळवून ठेवला होता. तो वाटभर बांधीन, शाळेच्या दाराशी सोडीन.
तोंड: लाल. गार पाण्याने धुतलं, न चोळता. आज कुणी धुवायला सांगितलं नव्हतं. निघते.