हेल्पलाइनचा मानपान

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. इतिहास घडत असताना कुणीतरी लिहून ठेवायला हवा, आणि ऑफिसात माझ्याशिवाय कुणाचंच अक्षर लागत नाही.

सकाळी एम.डी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. विषय आमच्या दूध संघाची जनावरांची हेल्पलाइन. शेतकऱ्यानं फलटण केंद्राच्या नंबरवर फोन करायचा, तो आमच्या लाइनवरून इथं इस्लामपूरला हेड ऑफिसात येतो, आणि डॉ. भार्गवी मॅडम गाई-म्हशीला काय झालंय ते ऐकून उपाय सांगतात. कल्पना चेअरमन लालासाहेबांची. उभारणी माझी. तक्रार एकच, आवाज तुटतो.

साहेब म्हणाले, वीरधवल, वीस तारखेला संचालक मंडळाची मीटिंग आहे. तोवर आवाज सुधारला तर आयटी मॅनेजर तुम्ही. नाही सुधारला तर परत दुधाची फॅट तपासायला बसा.

मी म्हणालो, वीस तारीख कशाला साहेब, आठ दिवस पुरे.

संकल्प: रोज पहाटे नेटवर्किंगचा अभ्यास. ऑफिसातला चहा बंद. (चहा उद्यापासून. आज मॅनेजर होण्याच्या बातमीवर सगळ्यांना पाजावा लागला.)

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहाट हुकली. पण काम दणक्यात.

नवीन फोन आणि नवीन हेडफोन बसवले. माझ्या टेबलावरून मॅडमच्या केबिनला फोन लावून टेस्ट घेतली. काय आवाज! पाण्यासारखा. मॅडम म्हणाल्या, अहो, मध्ये नुसतं प्लायवूड आहे, फोन ठेवला तरी मला ऐकू येतंय. आणि अडचण या दोन टेबलांत नाहीये, फलटण आणि इस्लामपूरच्या मध्ये आहे.

डॉक्टर माणसांना टेस्टिंगमधलं कळत नाही. रिपोर्टमध्ये 'आवाज उत्तम' लिहिलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फलटणहून परत तक्रारी. विचाराअंती मूळ सापडलं. बोलणाऱ्यांना बोलता येत नाही. गोठ्यात उभं राहून, एका हातात दावं धरून, एका श्वासात सगळं सांगतात. मशीननं तरी काय काय उचलावं?

परिपत्रक काढलं: 'हेल्पलाइनवर बोलताना प्रत्येक शब्दानंतर थांबावे. जनावरास शांत ठेवावे.' प्रती सगळ्या गावांना.

दुपारी जोतिबा म्हणून एका सभासदाचा थेट माझ्या मोबाइलवर फोन. आवं साहेब, म्हणाला, गाय आडवी पडल्याव थांबत थांबत कसं बोलायचं? तुमी आदी तिला परिपत्रक वाचून दाखवा.

असल्या माणसांमुळे टेक्नॉलॉजी मागे राहते.

८ नोव्हेंबर, शनिवार

अंकिताचा फोन. ही फलटण केंद्राची सिस्टीम बघते. इंजिनिअर आहे, हुशार आहे, पण सिनिऑरिटीचं भान नाही.

म्हणाली, सर, लाइन भरलीय. सकाळी दहापासून ग्राफ लाल. दूध संकलनाचा डेटा, फलटणकडच्या संचालकांच्या घरचं वाय-फाय, लालासाहेबांच्या फार्मवरचा कॅमेरा, सगळं या एकाच बारक्या लाइनवरून चाललंय. बाकीचं थोडं उशिरा पोचलं तर बिघडत नाही, बोलणं उशिरा पोचलं तर तुकडे पडतात. आवाजाला आधी सोडा, बाकीच्यांना मागे थांबवा. राउटरमध्ये तशी सोय आहे, प्रायॉरिटी लावायची.

मी म्हणालो, मी हेच म्हणणार होतो.

प्रायॉरिटी! कोण आधी, कोण मागून. हे मला शिकवणार? संघाच्या कार्यक्रमात हार-नारळाचा क्रम बारा वर्षं मीच लावतोय. एकदाही कुणी रुसलेलं नाही. (एकदा रुसले होते, पण ते आधीपासूनच रुसलेले होते.)

१० नोव्हेंबर, सोमवार

प्रायॉरिटी लावली. दिवस गेला, पण सोनं झालं.

एक नंबर: मा. चेअरमनसाहेबांचा फार्मवरचा कॅमेरा. फलटणजवळच्या फार्मवर त्यांची खिलार बैलजोडी आहे, प्रदर्शनात बक्षिसं घेणारी. साहेब इथं केबिनमध्ये मोठ्या टीव्हीवर दिवसभर जोडी बघतात. दोन नंबर: व्हाइस चेअरमन. तीन: संचालक, वयानुसार. मग माजी संचालक, मग दूध संकलन, मग प्रिंटर.

आवाजाला कुठं बसवावं हे कळेना. आवाज कुणाचाच नसतो. आज जोतिबाचा, उद्या दुसऱ्याचा. ज्याला पद नाही त्याला क्रम कसा देणार? शेवटी प्रिंटरच्या खाली ठेवला. मग गाई-म्हशींचा प्रश्न आहे म्हणून माणुसकीनं प्रिंटरच्या वर घेतला.

अंकिताला कळवलं. तिनं फोनच ठेवून दिला. भारावली असावी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

यश! चेअरमनसाहेबांनी स्वतः बोलावून पाठीवर थाप मारली. म्हणाले, वीरधवल, गड्या, बैलाच्या शेपटीचा केस न् केस दिसाय लागलाय. लय भारी काम केलंस.

बाहेर आलो तर भार्गवी मॅडम दारात उभ्या. सकाळपासून एकही वाक्य पूर्ण ऐकू आलं नाही म्हणाल्या. वासरू की गाय, ताप की विषबाधा, काही कळेना. अंदाजानं औषध सांगायचं का मी?

मी त्यांना बैल दाखवला. बघितला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

व्हाइस चेअरमनसाहेबांना कुठून तरी समजलं की ते दोन नंबरवर आहेत. त्यांचा मुलगा इंद्रजित फलटणच्या बंगल्यात मॅच बघतो, ती अडकते म्हणे. शब्दाला शब्द लागायच्या आत त्यांना एक नंबर दिला. तासाभरात हे संचालकांना कळलं. सगळे एक नंबरवर घेतले. मग माजी संचालकांचा निरोप आला की आमी काय मेलो का? त्यांनाही घेतलं.

आता एक नंबरवर सगळे आहेत आणि खाली फक्त दूध संकलन, आवाज आणि प्रिंटर. कुणीही नाराज नाही. सहकारात याहून मोठं काम नसतं.

अंकिताचा फोन. सर, सगळेच पहिल्या पंगतीला बसवलेत, आता वाढणार कोण? तिला म्हटलं, लग्न झालं की कळेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घरी संयोगितानं विषय काढला. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे केरबामामा, फलटणजवळच्याच गावात असतात. त्यांची मुऱ्हा म्हैस आज-उद्याला व्यायला झालीय. पहिलटकरीण. पोटात आडवंतिडवं असेल अशी मामांना शंका. फलटणचा खाजगी डॉक्टर सांगून ठेवायचा विचार चाललाय. तिनं विचारलं, आवं, खरं सांगा, तुमची हेल्पलाइन चालती का? न्हाईतर बाबा त्या डॉक्टरला सांगतील.

जावयाच्या इभ्रतीचा प्रश्न. मी स्वतः मामांना फोन केला. म्हणालो, मामा, डॉक्टर-बिक्टर सांगू नका. डोळे झाकून हेल्पलाइनला फोन करा. ती लाइन मी बांधलीय. मामा म्हणाले, तुमी म्हणताय म्हंजे झालंच की पावणं.

किती विश्वास. छाती भरून आली.

१६ नोव्हेंबर, रविवार

शब्द दिलाय म्हटल्यावर सुट्टी असूनही ऑफिसला जाऊन अंकिताकडून फलटणहून इस्लामपूरला टेस्ट कॉल घेतला. एक शब्द तुटला नाही! ऑफिस बंद, टीव्ही बंद, संचालक मंडळ जावळाच्या जेवणाला गेलेलं. म्हणजे लाइनमध्ये दोष नाही हे सिद्ध झालं.

अंकिता म्हणाली, सर, रिकाम्या रस्त्यावर एसटी वेळेत पोचली म्हणून काय सांगता? उद्या अकरा वाजता टेस्ट घ्या. मी म्हणालो, उद्या अकराला माझी टर्म डिपॉझिटची सही आहे.

मीटिंगसाठी प्रेझेंटेशन सुरू केलं. पहिल्या पानावर माझा फोटो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चेअरमनसाहेबांकडे बैलजोडी बघायला कराडचे पाहुणे आले. केबिनमध्ये मला टीव्हीशी उभं केलं. चित्र मोठं कर, जरा खूर दाखव, आता वशिंड दाखव. फार्मवर बैलांची आंघोळ चालली होती, पाणी उडताना थेंब मोजता येत होते. पाहुणे थक्क.

मोबाइल सायलेंटवर होता. बाहेर येऊन बघतो तर संयोगिताचे आणि सासूबाईंचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल.

म्हैस अडली होती. रेडकाचा एकच पाय बाहेर. मामांनी हेल्पलाइनला फोन लावला. इकडून भार्गवी मॅडम विचारतायत, पाय पुढचा की मागचा, तिकडून काहीतरी येतंय आणि मध्येच गडप होतंय. मॅडमनी फोन ठेवून त्याच लाइनवरून परत लावला, तेच. मामा गोठ्यात उभं राहून ओरडत होते म्हणे. सासूबाई, म्हणजे बनुबाई, स्वतः फोन घेऊन शब्दा-शब्दाला थांबत बोलल्या, परिपत्रकाप्रमाणे. तरी नाही. शेवटी मामा मोटारसायकलवर त्याच खाजगी डॉक्टरला आणायला फलटणला गेले.

म्हैस वाचली. रेडकू गेलं. रेडी होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वाईट वाटतंय. सकाळपासून तोंडात घास नाही.

पण नीट विचार केला तर लाइन बंद नव्हती. चालू होती. लाइनवर त्या वेळी लोड जास्त होता. तो टाळण्यासारखा नव्हता, कराडचे पाहुणे रोज थोडेच येतात? शिवाय मॅडमनी एक-दोनदाच परत फोन लावला. आणखी लावायला हवा होता.

हे सगळं मी संयोगिताला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमी त्या वेळी काय करत होता? मी म्हणालो, ऑफिसचं काम. कसलं काम? मी म्हणालो, बैलाचा खूर दाखवत होतो.

ती बॅग भरून फलटणच्या एसटीत बसली. डबा ठेवून गेली नाही.

प्रेझेंटेशन पूर्ण. भरपूर स्लाइड. म्हशीचा उल्लेख टाळला आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी

मीटिंग झाली.

पहिल्याच स्लाइडला भार्गवी मॅडम उठल्या आणि केरबामामांच्या म्हशीचं सगळं सांगितलं. सगळं. मग अंकिता उठली. म्हणाली, लाइन मोठी होईपर्यंत मॅडमच्या हातात एक साधा मोबाइल द्या आणि तो नंबर गावोगाव लावा. एकमतानं मंजूर. हेल्पलाइन आजपासून अंकिताकडे. आयटी मॅनेजरही तीच.

मला वाटलं, आता फॅट तपासणी. पण चेअरमनसाहेबांनी माझी बाजू घेतली. म्हणाले, पोरगं कामाचं हाय, कॅमेरा याच्याइतका कुणाला कळत न्हाई. याला फार्मवर पाठवा. बैलांजवळ बसंल, कॅमेरा हिकडं-तिकडं वळवंल. राहायची सोय विचारली तर म्हणाले, तुजी सासुरवाडी तिथंच हाय की रं.

पदाचं नाव अजून ठरलेलं नाही. मी 'फार्म व्हिज्युअल हेड' सुचवलंय. ऑर्डर सोमवारपासून.

संध्याकाळी

बराच वेळ मोबाइल हातात घेऊन बसलो. मग मामांना फोन केला. म्हणालो, मामा, बदली झालीय तुमच्याकडे. चार-सहा महिने राहायला येऊ का? झालं ते झालं, तांत्रिक कारण होतं.

मामा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, या की पावणं, घर तुमचंच हाय. म्हस पान्हा सोडंना झालीय. दूध काढाय बसलं की रेडीला हुडकती आणि हंबरती. धारेच्या टायमाला तिच्या म्होरं रेडीच्या जागी कुणीतरी हुबं ऱ्हायला पायजेच हुतं. तुमी या.

मी म्हणालो, येतो.

फोन साध्या मोबाइलवरून लावला होता. मामांचा एकही शब्द तुटला नाही.